टायपरायटरची खडखड थांबली, त्याची गोष्ट

वाचकहो, तुमच्या घरात जुनी ट्रंक असेल तर ती एकदा उघडून पाहा. तळाशी पिवळे पडलेले कागद निघतील. एखादे खरेदीखत, सोसायटीच्या कर्जाचा दाखला, कोर्टाचा निकाल. त्यातला एखादा कागद उजेडापुढे धरा आणि पाठीमागून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला लागतील. पूर्णविरामाच्या जागी तर बारीक भोकच दिसेल. टायपरायटरने ठोकलेला कागद ओळखायची ही खूण आहे.

आमच्या घरातही असा एक कागद आहे. त्याने आमची सात वर्षे खाल्ली. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल.

साल १९८४. आजोबा वारले होते आणि जमीन तिन्ही काकांच्या व आत्याच्या नावावर लागली होती. आत्या म्हणाली, "मला काही नको, भावांना राहू दे." तेव्हा हक्कसोडपत्र करायचे ठरले. थोरले काका घाटकोपरला चाळीत राहत. मुंबईत टायपिंग स्वच्छ होते असे म्हणून त्यांनी तिकडेच स्टॅम्पच्या कागदावर चार पाने टाइप करून आणली आणि चार दिवसांची रजा टाकून गावी आले. सगळी मंडळी बैलगाडीने आणि एस.टी.ने तालुक्याला गेली. नोंदणी कचेरीत कागद पुढे सरकवला. कारकुनाने सातबारा शेजारी ठेवून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवले. गट नंबर २१७ चा २७१ झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, खोडून बाजूला सह्या करायच्या. तसे करता येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये खाडाखोडीबद्दल लिहिलेले आहे. खाडाखोड असेल तर करून देणाऱ्यांनी तिथे सही करून ती मान्य करायची. नाही तर अधिकारी दस्त नाकारू शकतो. पण तेव्हा आमच्यापुढे बसलेल्या साहेबांचे म्हणणे पडले की, गट नंबरातच खाडाखोड नको, उद्या भांडण तुमचेच होईल. त्यांचेही चूक नव्हते. पहिले पान नवीन टाइप करायचे तर नवा स्टॅम्प हवा. विकणारा त्या दिवशी आलेला नव्हता. काकांची रजा संपली. दिवाळीला करू म्हणून सगळे परतले.

दिवाळीच्या आधीच आत्या गेली.

तिच्या मागे तीन मुले. धाकटा अकरा वर्षांचा. अज्ञान मुलाचा हक्क सोडायचा तर कोर्टाची परवानगी लागते. त्या वाटेला कोणी गेले नाही. तो सज्ञान होण्याची वाट पाहिली. १९९१ साली दस्त झाला. दरम्यान त्या जमिनीवर ना कर्ज मिळाले, ना विहीर पडली. सात आणि एक हे दोन आकडे टायपिस्टच्या हातून उलटसुलट पडले, एवढेच काय ते कारण.

टायपरायटरवर लिहिणे म्हणजे दगडावर टाकी मारण्यासारखे असे. बोटाने कळ दाबली की पोलादी दांडा उठायचा, शाईच्या फितीवर आपटायचा आणि अक्षर कागदावर बसायचे. बसले की बसले. ओळ संपत आली की घंटी वाजे, मग डाव्या हाताने गाडी सरकवून नवी ओळ धरायची. चार प्रती हव्या असतील तर चार कागद आणि मध्ये तीन कार्बन. शेवटची प्रत इतकी पुसट की तलाठ्याला ती उन्हात धरून वाचावी लागे. चूक झाली तर चारही प्रतींवर वेगवेगळी खोडायची. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या बेट नेस्मिथ ग्रॅहम नावाच्या एका सेक्रेटरी बाईंनी १९५० नंतरच्या काळात पांढऱ्या रंगाचा एक द्रव तयार केला. चुकलेल्या अक्षरावर तो लावायचा आणि सुकल्यावर वरून टाइप करायचे. मोठा धंदा झाला त्याचा. पण प्रतिज्ञापत्रावर किंवा खरेदीखतावर तो पांढरा ठिपका दिसला की समोरचा माणूस संशयानेच बघायचा.

आणि हे झाले इंग्रजीचे. मराठीची गोष्ट याहून अवघड होती. इंग्रजीला अक्षरे सव्वीस. मोठी-लहान धरली तरी बावन्न. आपल्या देवनागरीला व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरांचा मोठा गोतावळा. यंत्रावर कळा मात्र जेमतेम शेहेचाळीसच्या घरात, म्हणजे चिन्हे नव्वदच्या आसपास. मग कारागिरांनी युक्ती काढली. अक्षर अर्धे ठेवायचे आणि त्याला पुढचा दांडा वेगळा जोडायचा. अर्धा म ठोकून दांडा ठोकला की म पुरा. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी ठोकायची, कारण कागदावर ती आधी दिसते. बोलताना आपण आधी व्यंजन म्हणतो आणि मग इकार, पण यंत्राला बोलण्याशी कर्तव्य नव्हते. मराठी टायपिस्टांची बोटे ही उलटी वाट सराईतपणे चालत, हे खरोखर कौतुकाचे होते.

हे यंत्र आपल्याकडे बनू लागले त्याची गोष्ट मुंबईच्या उपनगरातलीच आहे. घाटकोपर सोडून मुलुंडकडे निघाले की पुढचेच स्टेशन विक्रोळी. तिथल्या खाडीकाठच्या जमिनीवर गोदरेज अँड बॉइस कंपनीने कारखाने उभारले. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांवर मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. तुमच्या आजोबांनी १९५२ साली ज्या लोखंडी पेटीत मत टाकले, ती कदाचित तिथलीच असेल. याच कंपनीने १९५५ साली भारतात बनलेला पहिला टायपरायटर बाजारात आणला. तोवर रेमिंग्टनसारखी विलायती यंत्रे चालत. स्वतंत्र झालेल्या देशाने शेकडो बारीक भाग जुळवून असे नाजूक यंत्र बनवावे, याचे त्या काळी अप्रूप होते. पुढे देवनागरीसह कितीतरी भारतीय लिप्यांची यंत्रे निघाली आणि तालुक्यातालुक्याच्या कचेरीत जाऊन बसली. नंतर हे काम सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला गेले. शेवटी शेवटी वर्षाला दहा-बारा हजार यंत्रे खपत. २००९ च्या सुमारास उत्पादन बंद पडले आणि २०११ साली ती बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

टायपिंग शिकण्यासाठी खेड्यातून किती मुले-मुली मुंबईला गेली याची गणती नाही. मॅट्रिक झाले की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर अशा ठिकाणी मामाच्या नाही तर मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरायचे आणि सकाळी तासभर टायपिंगच्या क्लासला जायचे. क्लासच्या जिन्यातच खडखड ऐकू येई. तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीस शब्दांची. ते प्रमाणपत्र हाती आले की कारकुनी नोकरीचे दार किलकिले व्हायचे. कितीतरी घरांची कौले आणि कितीतरी बहिणींची लग्ने त्या खडखडीवर झाली आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपरायटरवरची शेवटची परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. त्यानंतर ही परीक्षा संगणकावरच होऊ लागली.

आता संगणकाने नेमके काय केले ते पाहू या. लोक म्हणतात, संगणक लवकर टाइप करतो. तसे मुळीच नाही. टाइप माणूसच करतो आणि बोटांचा वेग होता तेवढाच राहतो. फरक आहे तो कागदाचा. टायपरायटरवर लिहिणे आणि छापणे एकाच ठोक्यात होत असे. संगणकाने ही दोन कामे वेगळी केली. आधी मजकूर पडद्यावर लिहायचा, वाचायचा, मोडायचा, जोडायचा, आणि सगळे मनासारखे झाले की मगच कागदावर उतरवायचा. पिठाचा गोळा तव्यावर टाकण्याआधी तो पुन्हा मळता येतो, तसेच हे. टाकल्यावर कोण काय करणार?

या कामाला इंग्रजीत वर्ड प्रोसेसिंग म्हणतात. आपण शब्दसंस्करण म्हणू. १९६४ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा टायपरायटर काढला. ती सुरुवात समजली जाते. मग १९७८ साली वर्डस्टार आले, १९८३ साली मायक्रोसॉफ्टचे वर्ड आले. ओळ भरली की पुढचा शब्द आपोआप खालच्या ओळीत जायला लागला, घंटी आणि गाडी दोन्ही गेली. मध्येच एक परिच्छेद घातला तर पुढची पाने आपली आपण सरकू लागली. आमच्या दस्ताच्या पहिल्या पानावरचा २७१ चा २१७ करायला आज दोन सेकंद लागतील. दहा प्रती काढल्या तर दहावी पहिलीइतकीच ठसठशीत निघेल. दूध संस्थेच्या चारशे सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवायची असेल तर मजकूर एकदा लिहायचा, नावांची यादी एकदा द्यायची. प्रत्येक नोटिशीवर नाव व येणे बाकी आपोआप बसते. पूर्वी हेच काम स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइलच्या शाईत हात काळे करून चालायचे आणि नावे हाताने घालावी लागत.

परंतु मराठीसाठी हा रस्ता सरळ नव्हता, आणि इथे तुम्ही जरा लक्ष द्या, कारण याचा त्रास अजूनही होतो. सुरुवातीच्या संगणकाला मराठी येतच नव्हती. मग काय केले, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर, वर मुखवटा मराठीचा. ज्या संगणकावर तो मुखवटा, म्हणजे फॉन्ट, असेल तिथे कागद वाचता येई. दुसरीकडे नेला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. बोरिवलीच्या भाच्याने पाठवलेला अर्ज तालुक्याच्या दुकानात उघडला आणि ओ की ठो कळेना, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल.

यावर उपाय निघाला त्याचे नाव युनिकोड. सोप्या भाषेत सांगायचे तर जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा गट नंबर दिला. आपल्या क चा नंबर २३२५. अ चा २३०९. ळ चा २३५५. तुम्ही मुंबईत लिहा, चंदगडला लिहा की बडोद्याला, क चा नंबर बदलत नाही. जमिनीचा मालक बदलला तरी गट नंबर राहतो, तसा फॉन्ट बदलला तरी अक्षराचा नंबर राहतो. शेतकऱ्यांना हा शब्द लिहिताना जो आडवा र लागतो, त्यासाठीसुद्धा वेगळा नंबर आहे, २३५३. आपल्या शब्दासाठी जगाच्या यादीत जागा राखलेली पाहून मला तरी बरे वाटले.

नुसते नंबर देऊन भागत नाही. अक्षर पडद्यावर नीट दिसायलाही हवे, जोडाक्षर जुळायला हवे. विंडोजबरोबर जो मंगल नावाचा देवनागरी फॉन्ट येतो आणि ज्यात लाखो अर्ज, आदेश, प्रश्नपत्रिका आजवर लिहिल्या गेल्या, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. हे सुलेखनकार आणि कवी. पवईच्या आय.आय.टी.मध्ये त्यांनी शिकवले आणि मग जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात अक्षरांवर काम केले. २००३ पासून हे केंद्र सी-डॅक या संस्थेचा भाग झाले. जोशी २००८ साली वारले. विक्रोळी आणि पवई यांच्यात अंतर ते किती! एकीकडे देशाला टायपरायटर मिळाला, आणि पलीकडच्या अंगाला त्याची जागा घेणाऱ्या संगणकाला मराठी वळण लावणारा माणूस शिकवत होता. आपली मंडळी त्याच रस्त्याने बसमधून जात-येत होती, कोणाला पत्ताही नव्हता.

टायपिंग शिकू पाहणाऱ्या मुला-मुलींच्या आई-वडिलांना एक गोष्ट सांगायची आहे. जुन्या टायपरायटरची कळांची रचना संगणकावरही वापरता येते, आणि ज्यांची बोटे त्यात मुरली त्यांनी ती जरूर वापरावी. पण नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट ही रचना घ्यावी, असे मला वाटते. ती भारतीय लिप्यांसाठीच आखलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर, त आणि थ एकाच. मुळाक्षरे ज्याला पाठ आहेत त्याला ती आठवडा-दोन आठवड्यांत उमजते. आणि वेलांटी अक्षराच्या नंतर द्यायची, म्हणजे जसे बोलतो तसे लिहायचे. मात्र नोकरीच्या जाहिरातीत कोणती रचना आणि किती वेग मागितला आहे ते आधी वाचून मगच क्लासची फी भरा. क्लासवाला जुन्या मुखवटेवाल्या फॉन्टवरच शिकवत असेल तर दुसरा क्लास पाहा.

आता दुसरी बाजू. संगणकाने चुका संपवल्या असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. माझा चुलतभाऊ मुलुंडला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने गावाकडे वीस गुंठ्यांचा तुकडा घ्यायचे ठरवले. करारनामा संगणकावर झाला. टाइप करणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा जुना करारनामा उघडला, नावे आणि नंबर बदलले आणि कागद काढून दिला. पंधरा पाने, एकसुद्धा खाडाखोड नाही, आरशासारखा कागद. वहिनीने रात्री जेवणे झाल्यावर तो मोठ्याने वाचायला घेतला. अकराव्या पानावर पैसे घेणाऱ्याचे नाव भलतेच निघाले. जुन्या करारातले तेवढे एक नाव तसेच राहून गेले होते. टायपरायटरच्या काळात प्रत्येक शब्द कोणाच्या तरी नजरेखालून जात असे, कारण तो नव्याने ठोकावा लागे. आता न वाचताच पंधरा पाने तयार होतात, आणि स्वच्छ कागद पाहून आपणही वाचायचे सोडून देतो.

सगळीकडचे नाव एकदम बदलायची सोय असते, तिचीही गंमत ऐका. समजा कागदात राम आहे आणि तिथे श्याम हवे आहे. हुकूम दिला की संगणक सगळीकडे श्याम करतो. पण ग्रामपंचायत या शब्दाच्या पोटातही राम आहेच ना? तिची ग्श्यामपंचायत होते! संगणकाला अर्थ कळत नाही, तो नंबर जुळवतो. म्हणून दस्त हातात आला की दोघांनी बसावे, एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने सातबारा व आधार कार्ड समोर धरून नाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा ताडून पाहाव्यात. आकडे एकेक सुटे वाचावेत, दोन-एक-सात असे. सही त्यानंतर. आणि टाइप करणाऱ्याकडून मजकूर स्वतःच्या मोबाइलवर मागून घ्यावा, म्हणजे तालुक्याला चूक सापडली तर मुंबईला धावत जावे लागत नाही.

एका बाबतीत मात्र जुने यंत्र सरस होते. त्याला वीज लागत नसे. भारनियमनाच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात टाइप केलेले अर्ज मी पाहिले आहेत. संगणकावर तासभर लिहावे, साठवायला विसरावे आणि वीज जावी, म्हणजे सगळे पाण्यात. दर दहा मिनिटांनी साठवा, हे मुलांना बजावून सांगा.

थोरल्या काकांनी निवृत्तीनंतर एक जुना मराठी टायपरायटर विकत घेतला होता. घाटकोपरच्या चाळीत बसून ते शेजाऱ्यांचे रेशन कार्डाचे आणि पाण्याच्या कनेक्शनचे अर्ज टाइप करून देत. पैसे घेत नसत. प्रत्येक अर्ज काढून झाला की बोट ठेवून दोनदा वाचत आणि मगच हातात देत. असे का, हे आम्ही घरच्यांनी त्यांना कधी विचारले नाही. ते यंत्र आता मुलुंडच्या घरी कपाटावर आहे. गेल्या गणपतीत त्यांच्या नातीने ते खाली काढले, धूळ पुसली आणि फितीत थोडी शाई उरली होती तेवढ्यावर शिवार हा शब्द ठोकून पाहिला. संगणकाच्या सवयीने तिने वेलांटी श च्या नंतर दिली. ती जाऊन व च्या डोक्यावर बसली. पोरगी हसली, आणि खोडायची कळ कुठे आहे म्हणून सगळ्या कळांवरून बोट फिरवत राहिली.